गीझरचा प्लग तापतो, सॉकेट काळं पडतं, तरी एमसीबी पडत का नाही?

लक्षणं आधी सांगतो. यांतलं एखादं जरी तुमच्या घरात दिसत असेल, तर हा मजकूर तुमच्यासाठी आहे.

- गीझर, इंडक्शन शेगडी, इस्त्री किंवा गरम पाण्याचं वॉशिंग मशीन दहा-पंधरा मिनिटं चाललं की प्लगला बोट टेकवत नाही.
- सॉकेटच्या एका भोकाभोवती पिवळट डाग येतो, तो तपकिरी होतो, मग काळा. दुसरं भोक बहुतेक वेळा पांढरंच राहतं.
- प्लग काढताना अडकल्यासारखा वाटतो. काढल्यावर एक पिन काळसर किंवा निळसर दिसते.
- बोर्डातून बारीक चरचर ऐकू येते. कान दिल्याशिवाय कळत नाही.
- घरात मासळी शिजत नसताना मासळीसारखा वास येतो. स्विच-सॉकेटमध्ये वापरली जाणारी काही प्लॅस्टिकं तापली की असाच वास सोडतात.
- गीझरचा दिवा मध्येच विझतो आणि प्लग जरा हलवला की लागतो.
- सॉकेट नवीन बसवलं होतं, तेही काही महिन्यांत काळं पडलं.

धूर, ठिणगी किंवा वितळलेलं प्लॅस्टिक दिसत असेल तर आधी त्या सॉकेटचा एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा मेन बोर्डातला स्विच, खाली पाडा. कुठला ते माहीत नसेल तर मेन बंद करा. वितळलेला प्लग वीज चालू असताना ओढून काढायचा नाही. पेटलंच असेल तर पाणी मारायचं नाही. हे करून झालं की मग बाकीचं वाचा.

थंडी पडली की वायरिंगची कामं करणाऱ्या आमच्यासारख्यांना हा फोन येतोच, आणि त्यातला प्रश्नही ठरलेला असतो: एमसीबी तर पडला नाही, मग शॉर्ट कसा झाला? शॉर्ट झालेलाच नसतो. शॉर्टमध्ये वाटेतला रोध जवळजवळ नाहीसा होतो, प्रवाह एकदम वाढतो आणि एमसीबी पडतो. इथे नेमकं उलटं झालेलं असतं. वाटेत एका ठिकाणी थोडासा रोध वाढलेला असतो आणि प्रवाह किंचित कमी झालेला असतो. एमसीबीला त्यात पडण्यासारखं काहीच दिसत नाही.

हिशेब करून पाहू

गीझरची वीज मीटरपासून एमसीबी, भिंतीतली वायर, स्विच, सॉकेट, प्लगची पिन, गीझरची केबल अशी जाते, आतल्या कॉइलमधून फिरते आणि न्यूट्रलच्या वाटेने तशीच परत येते. शाळेत शिकलेली ही साधी एकसर जोडणी. एकसर जोडणीत प्रवाह सगळीकडे सारखा असतो. कॉइलमधून जितके अ‍ॅम्पिअर जातात तितकेच पिनमधून जातात आणि तितकेच स्क्रूखालच्या वायरीतून.

२,००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अ‍ॅम्पिअर घेतो. त्याच्या कॉइलचा रोध साधारण २६.५ ओहम. चांगल्या घट्ट जोडाचा रोध ओहमच्या हजाराव्या भागांत मोजावा लागतो, म्हणजे हिशेबात धरावा इतकाही नसतो. आता समजा, सॉकेटच्या आतली पितळी पट्टी सैल झाली आणि पिनच्या स्पर्शाशी अर्धा ओहम रोध आला. एकूण रोध झाला २७ ओहम. प्रवाह ८.७ वरून ८.५ वर उतरला. पाणी तापायला थोडा जास्त वेळ लागेल, पण ते कुणाच्या लक्षातही येणार नाही.

पण त्या जोडावर काय होतं? उष्णता म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. जेम्स ज्यूल यांनी १८४० च्या सुमारास हे मोजून दाखवलं. साडेआठचा वर्ग ७२, गुणिले अर्धा, म्हणजे ३६ वॅट. रेडिओ दुरुस्तीवाल्याचं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं आणि त्याने शिसं वितळतं. त्याहून जास्त उष्णता तुमच्या सॉकेटच्या आत, हरभऱ्याएवढ्या जागेत, रोज सकाळी निर्माण होते आहे.

हेच भिंतीतल्या वायरीशी ताडून बघा. दीडची वायर, म्हणजे १.५ चौरस मिलिमीटर तांब्याची, गीझरसाठी बारीकच आहे. तरी बोर्डापर्यंत १० मीटर जाऊन परत यायला, म्हणजे २० मीटरला, तिचा रोध सुमारे ०.२३ ओहम. ८.७ अ‍ॅम्पिअरला तिच्यात सुमारे साडेसतरा वॅट उष्णता निर्माण होते, पण ती २० मीटरभर पसरते. मीटरमागे एक वॅटसुद्धा नाही. म्हणून वायर सहसा मधेच जळत नाही, जळते ती जोडापाशी. जोड म्हणजे पिन आणि पट्टी, स्क्रू आणि वायर, स्विचचे आतले दोन बिंदू, टेप गुंडाळलेली गाठ. शोधायचं ते तिथेच.

बिघाड पुन्हा पुन्हा होण्याचं कारणही यातच आहे. जोड तापला की तांब्या-पितळेवर ऑक्साइडचा काळा थर चढतो, आणि तो वीज नीट वाहू देत नाही. तापून तापून पट्टीची स्प्रिंग मऊ पडते, पिनवरची पकड सुटते, रोध आणखी वाढतो, जोड आणखी तापतो. एकदा काळा पडलेला जोड आपोआप कधीच सुधारत नाही. काळी पिन नव्या सॉकेटमध्ये खुपसली तर ते सॉकेटही त्याच वाटेला लागतं. सॉकेट बदलूनही पुन्हा काळं पडतं, ते बहुतेक वेळा प्लग जुनाच ठेवल्यामुळे.

त्याच सॉकेटवर मोबाइलचा चार्जर तासन्‌तास गार राहतो, कारण त्याचा प्रवाह ०.२ अ‍ॅम्पिअरच्या आसपास असतो. वर्ग केला की ०.०४. अर्ध्या ओहमवर तो ०.०२ वॅट उष्णता करतो. तेव्हा चार्जर व्यवस्थित चालतो यावरून सॉकेट चांगलं आहे असं ठरवू नका.

एमसीबी आणि आरसीसीबी यांना हे का दिसत नाही

१६ अ‍ॅम्पिअरचा एमसीबी प्रमाणाप्रमाणे १८ अ‍ॅम्पिअर तासभर सोसतो, आणि २३ च्या थोडं वर गेलं की तासाभरात पडायलाच हवा. शॉर्ट झाला तर क्षणात पडतो. म्हणजे तो वायरीतून किती प्रवाह जातो एवढंच बघतो. साडेआठ अ‍ॅम्पिअरवर सॉकेट जळत असलं तरी त्याच्या लेखी सगळं ठीक असतं.

आरसीसीबी, ज्याला बरेच जण अजून ईएलसीबी म्हणतात, फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह सारखा आहे का ते बघतो. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअ‍ॅम्पिअर फरकावर पडतो. सैल जोडात फरक पडतच नाही, जितकं गेलं तितकं परत आलं. म्हणून तोही गप्प. आरसीसीबी शॉकपासून जीव वाचवतो आणि तो घरात असायलाच हवा, पण या बिघाडाची खबर त्याच्याकडून मिळणार नाही. खबर मिळते ती तुमच्या हाताकडून आणि नाकाकडून.

एक अपवाद आहे, तो ध्यानात ठेवा. गीझर पंधरा-वीस मिनिटं चालला की एमसीबी पडतो आणि थोड्या वेळाने उचलला की राहतो, असं होत असेल आणि लोड बेताचाच असेल, तर कधीकधी एमसीबीच्याच टर्मिनलचा स्क्रू सैल असतो. तिथली उष्णता एमसीबीच्या आतल्या धातूच्या पट्टीपर्यंत पोचते आणि तो नाहक पडतो. अशा वेळी लोक १६ चा काढून ३२ चा एमसीबी बसवायला सांगतात. तसं करू नका. भिंतीतली वायर तेवढ्या प्रवाहाची नसेल तर तिला वाचवणारं मग काहीच उरत नाही.

पहिली तपासणी: हात आणि नाक

खर्च शून्य, उघडायचं काही नाही. हात कोरडे, पायात चप्पल. गीझर पंधरा मिनिटं चालवा, बटण बंद करा, आणि बोटाची मागची बाजू आधी स्विचला, मग प्लगच्या अंगाला, मग केबलला लावून बघा. प्लग सहज सुटत असेल तर काढा आणि बोट एकेका पिनजवळ न्या. पिनला लगेच टेकवू नका.

कोमट लागलं तर काळजी नाही, ८-९ अ‍ॅम्पिअरला एवढं चालतं. बोट ठेवता येत नसेल तर बिघाड आहे, आणि कुठे तापतं आहे ते बघून तो कुठला हेही बरंचसं कळतं. एकच पिन तापलेली असेल तर जोड त्या पिनशी किंवा तिच्या मागच्या स्क्रूशी सैल आहे. आपल्याकडच्या सॉकेटकडे तोंड करून उभं राहिलं की वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवीकडे फेज आणि डावीकडे न्यूट्रल. डावीकडचं भोक काळं दिसलं की लोक गोंधळतात, कारण न्यूट्रलमध्ये वीज नसते असं त्यांना वाटतं. फेजमधून गेलेला सगळा प्रवाह न्यूट्रलमधूनच परततो, म्हणून सैल न्यूट्रल तितकाच जळतो.

दोन्ही पिना आणि केबल सगळंच सारखं गरम लागलं तर लोड जास्त आहे किंवा केबल बारीक आहे. प्लग गार पण स्विच गरम, तर स्विचचे आतले बिंदू खराब झालेत. गीझर बटणाने बंद न करता थेट प्लग उपटायची सवय घरात असेल, तर दर वेळी ठिणगी पडून पिन आणि पट्टी खरवडली जाते. ही सवय आजच सोडवा.

दुसरी तपासणी: आकडे वाचा

उपकरणाच्या लेबलवर वॅट लिहिलेले असतात. त्यांना २३० ने भागा, अ‍ॅम्पिअर मिळतील. १,००० वॅटची इस्त्री ४.३ अ‍ॅम्पिअर, २,००० ची इंडक्शन शेगडी ८.७, ३,००० वॅटचा इन्स्टंट गीझर १३. आता सॉकेटवरचा आकडा बघा. लहान भोकांचं सॉकेट ६ अ‍ॅम्पिअरचं, मोठ्या भोकांचं १६ चं.

स्वयंपाकघरात मला वारंवार दिसतं ते असं: इंडक्शनचा जाड पिनांचा प्लग एका कन्व्हर्टरमध्ये, आणि तो कन्व्हर्टर ६ अ‍ॅम्पिअरच्या सॉकेटमध्ये. बसतो, चालतो, म्हणून कुणी हरकत घेत नाही. पण ६ च्या सॉकेटमधून पावणेनऊ अ‍ॅम्पिअर जाताहेत आणि वर एका जोडाचे दोन जोड झालेत. ६ चा प्रवाह ८.७ झाला तर तोच जोड दुपटीहून जास्त तापतो, कारण वाढ वर्गाने होते. जाड पिनेचं उपकरण थेट १६ च्याच सॉकेटला लावायचं. एक्स्टेन्शन बोर्डावर गीझर, इंडक्शन किंवा हीटर अजिबात नको.

मल्टिप्लगवर दोन-तीन उपकरणं असतील तर अ‍ॅम्पिअरची बेरीज करा. ती समांतर जोडणीत असतात, प्रत्येकाचा प्रवाह वेगळा, पण भिंतीतल्या त्या एका सॉकेटमधून सगळा मिळून जातो.

तिसरी तपासणी: प्लग दोषी की सॉकेट

प्लग सॉकेटमध्ये घालून हलकेच हलवा. चांगलं सॉकेट पिन घट्ट धरतं, काढताना जोर लागतो. प्लग स्वतःच्या वजनाने लोंबत असेल तर पट्टी गेली, सॉकेट बदलायचं. पिन फुगवून, कागदाची घडी किंवा काडी खोचून पकड आणायची नाही. एका बाजूने दाब आला की पिन एकाच रेषेवर टेकते आणि सगळा प्रवाह त्या रेषेतून जातो.

दुसऱ्या खोलीत १६ अ‍ॅम्पिअरचं चांगलं सॉकेट असेल आणि उपकरण हलवता येत असेल, जसं इंडक्शन किंवा इस्त्री, तर ते तिथे लावून बघा. तिथेही तीच पिन तापली तर दोष प्लगचा. तिथे गार राहिली तर दोष पहिल्या सॉकेटचा किंवा त्यामागच्या वायरीचा. पिन आधीच काळी असेल तर मात्र हा प्रयोग करू नका, कारण ती दुसरं सॉकेटही खराब करील.

कोकणात आणि गोव्यात किनाऱ्याजवळच्या घरांत काळ्याऐवजी हिरवट थर दिसतो. खारी, दमट हवा पितळ आणि तांबं खाते. पावसाळ्यात बंद राहिलेलं घर उघडल्यावर गीझर लावण्याआधी सॉकेट बघाच. बोर्डात मुंग्यांनी घर केलेलंही खूपदा सापडतं.

चौथी तपासणी: प्लग उघडा

प्लग भिंतीपासून पूर्ण वेगळा करा आणि मगच उघडा. स्क्रू सैल आहेत का, वायरीचे काही धागे तुटलेत का, प्लॅस्टिकचं आवरण स्क्रूखाली दाबलं गेलंय का, केबल पकडणारी पट्टी घट्ट आहे का, हे बघा. तारेच्या वीस धाग्यांपैकी सातच स्क्रूखाली असतील तर सगळा प्रवाह त्या सातांतूनच जाणार.

प्लॅस्टिक तपकिरी झालं असेल तर प्लग टाकून द्या. नवा घ्या, १६ अ‍ॅम्पिअरचा, आयएसआय खुणेचा, जाड भरीव पिनांचा. पॉलिश पेपरने पिन घासून ती चमकते खरी, पण तिच्यावरचा लेप निघून जातो आणि ती लवकर काळी पडते. वायरीचं टोकही काळं असेल तर ते कापून मागे लालसर चमकदार तांबं लागेपर्यंत सोला. सगळे धागे एकत्र पिळा, शक्य असेल तर टोकावर थिंबल, म्हणजे धातूची छोटी टोपी, दाबून बसवा, स्क्रू घट्ट करा आणि वायर ओढून बघा. सुटायला नको. अर्थची वायर थोडी लांब ठेवा, म्हणजे केबल ओढली गेली तर ती शेवटी सुटेल.

कंपनीचा ओतीव प्लग उघडत नाही. तो कापून नवा लावावा लागतो. गीझर वॉरंटीत असेल तर आधी कंपनीच्या सेवा केंद्राला विचारा.

इथपर्यंत आपण भिंतीतलं काहीच उघडलेलं नाही. ज्यांनी कधी बोर्ड उघडलेला नाही, ज्यांच्या घरी एमसीबीवर कुठला कशाचा ते लिहिलेलं नाही, त्यांनी इथेच थांबावं आणि वायरमनला बोलवावं. चार तपासण्यांत जे कळलं तेवढं त्याला सांगितलं तरी त्याचं निम्मं काम होतं.

पाचवी तपासणी: बोर्डाच्या आत

एमसीबी बंद करा आणि घरातल्यांना सांगून ठेवा की तो कुणी उचलायचा नाही. मग टेस्टरने खात्री करा, पण ती अशी: आधी चालू असलेल्या दुसऱ्या सॉकेटवर टेस्टर लागतो का ते बघा, मग उघडायच्या सॉकेटवर बघा, मग परत चालूवर. मधेच टेस्टर बिघडला असेल तर तो ‘वीज नाही’ असंच दाखवणार, म्हणून ही तीन पावलं.

घरात इन्व्हर्टर असेल तर मेन बंद करूनही त्याच बोर्डातल्या दिव्या-पंख्याच्या आणि लहान सॉकेटच्या वायरी जिवंत राहतात. आधी इन्व्हर्टर त्याच्या बटणाने बंद करा, त्याचा वेगळा एमसीबी असेल तर तोही पाडा, आणि बोर्डातल्या प्रत्येक वायरीवर टेस्टर लावा. ज्याला हे कसं बंद करायचं ते पक्कं माहीत नाही त्याने झाकण काढू नये.

आत काय बघायचं? सॉकेटच्या मागचे स्क्रू. मला सगळ्यात जास्त वेळा सापडतं ते हे की एका टर्मिनलमध्ये दोन वायरी आहेत, एक जाड आणि एक बारीक. पुढच्या सॉकेटला वीज द्यायला तिथूनच लूप काढलेला असतो. स्क्रू जाड वायरीवर टेकतो आणि बारीक तशीच सैल राहते, किंवा उलट. त्या लूपवर पुढे आणखी एखादं जड उपकरण असेल तर त्याचाही प्रवाह याच स्क्रूखालून जातो. गीझर वापरात नसतानाही त्याचं सॉकेट तापतं, ते यामुळे. गीझरच्या पॉइंटला स्वतःची स्वतंत्र वायर मेन बोर्डापासून असावी, चारची असली तर उत्तम, अडीचची चालते, दीडची नको.

काळं सॉकेट पुन्हा घट्ट करून वापरायचं नाही, बदलायचं. नव्या सॉकेटबरोबर प्लगही बदला आणि वायरीचं टोक ताजं करून घ्या. तिन्ही एकाच वेळी. एक जुनं ठेवलं की दुरुस्ती टिकत नाही. टोक कापून वायर आखूड पडत असेल तर बोर्डात पिळून टेप गुंडाळलेला जोड देऊ नका, कारण तोच पुढचा काळा जोड होतो. तिथे योग्य कनेक्टर किंवा नवी वायर, आणि ते काम वायरमनचं.

सहावी तपासणी: मीटर लावून

ही मल्टिमीटर वापरायची सवय असलेल्यांसाठीच. पुष्कळ जण सॉकेट आणि वायर यांच्यातला रोध ओहमवर मोजायला जातात आणि ‘शून्य येतोय, जोड चांगला आहे’ म्हणतात. साध्या मीटरच्या स्वतःच्या दोन वायरींचाच रोध ओहमच्या दशांशांत असतो, आणि गार, प्रवाह नसलेला जोड आपला दोष दाखवत नाही. सैल जोड ओळखायचा तो भर असताना व्होल्ट किती उतरतात यावरून.

त्याच बोर्डातल्या दुसऱ्या सॉकेटवर एसी व्होल्ट मोजा, गीझर बंद असताना आणि चालू असताना. वायरीमुळे दोन-तीन व्होल्ट उतरणं नेहमीचं. आठ-दहा किंवा जास्त उतरत असतील तर बोर्डाच्या मागे, मेनच्या बाजूला कुठे तरी जोड सैल आहे. मग तेच माप मेन बोर्डाजवळच्या सॉकेटवर घ्या. तिथे उतरत नसेल तर दोष दोन्हींच्या मधे. तिथेही तितकंच उतरत असेल तर तो मेन बोर्डाकडे किंवा त्याच्याही मागे आहे. पिन आणि पट्टीमधला दोष या मापात दिसत नाही, त्याला पहिली तपासणीच लागते. मीटरचा काटा ओहमवर किंवा अ‍ॅम्पिअरवर असताना चालू सॉकेटमध्ये टोकं घालायची नाहीत.

अर्थिंगबद्दल एक सांगून टाकतो, कारण ‘अर्थिंग खराब आहे म्हणून प्लग तापतो’ हे फार ऐकू येतं. अर्थच्या पिनेतून रोजच्या वापरात प्रवाह जातच नाही, तर ती कशाने तापणार? अर्थिंग दुरुस्त केल्याने काळं सॉकेट सुधारत नाही. नळाला किंवा गीझरच्या पाण्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तो वेगळा आणि जास्त गंभीर बिघाड आहे. गीझर लगेच बंद, आणि आज वायरमन.

इथे थांबायचंच

घरातले काही दिवे एकदम प्रखर आणि काही मंद, पंखा सुसाट, टीव्हीचा अडॅप्टर गुणगुणतोय, असं दिसलं तर मेन लगेच बंद करा. एकही तपासणी करू नका. थ्री फेज जोडणीत किंवा गल्लीच्या लाइनवर सामायिक न्यूट्रल सुटल्याची ही खूण आहे. न्यूट्रल सुटला की दोन फेजवरची उपकरणं एकमेकांशी एकसर जोडली जातात आणि त्यांच्यावर मिळून ४०० व्होल्ट येतात. एका फेजवर १,००० वॅटचा हीटर आणि दुसऱ्यावर १०० वॅटचा टीव्ही एवढंच चालू असेल, तर रोधाच्या प्रमाणात वाटणी होऊन टीव्हीच्या वाट्याला ३६० च्या वर व्होल्ट येतात. शेजारच्या घरांतही तसंच होत असेल तर बिघाड बाहेरच्या लाइनवर आहे. १९१२ या क्रमांकावर वीजकंपनीला कळवा.

मीटर, मीटरचं सील आणि खांबावरून येणारी सर्व्हिस वायर वीजकंपनीची. तिथे स्क्रू घट्ट करायलाही हात घालायचा नाही, मग बिघाड तिथेच आहे याची कितीही खात्री असो.

भिंतीत अ‍ॅल्युमिनिअमची वायर निघाली तरी थांबा. जुन्या इमारतींत आणि चाळींत ती अजून सापडते. तिच्यावरचा ऑक्साइडचा थर वीज अडवतो, आणि स्क्रूच्या दाबाखाली ती हळूहळू सरकून सैल होते. तांब्याची वायर तिला पिळून जोडली की दमट हवेत तो जोड लवकर खराब होतो.

वायरीचं आवरण कडक होऊन तुकडे पडत असतील आणि काळेपणा पाइपाच्या आत जात असेल, तर नुसतं सॉकेट बदलून भागणार नाही. साधी पीव्हीसी वायर ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी असते. त्याहून जास्त तापून कडक झालेली वायर ओढून नवी टाकावी लागते. न्हाणीघराच्या भिंतीत ओल असेल, बोर्डात पाणी शिरलं असेल, किंवा एकाच घरात दोन-तीन सॉकेटं एका हंगामात काळी पडली असतील, तेव्हाही परवाना असलेला वायरमनच हवा.

वायरमन आल्यावर त्याला एवढं सांगा: कुठलं उपकरण, किती वॅटचं, किती मिनिटांनी तापतं, फेजचं भोक काळं की न्यूट्रलचं, सॉकेट शेवटचं कधी बदललं आणि तेव्हा प्लग बदलला होता का. त्याने फक्त सॉकेट बदलून निघायची तयारी केली तर प्लग आणि वायरीचं टोक दोन्ही दाखवायला सांगा. मेन बोर्डातले एमसीबी आणि न्यूट्रल पट्टीचे स्क्रूही त्याच फेरीत तपासून घ्या.

काम झालं की त्याच्यासमोर गीझर अर्धा तास चालवा आणि पहिली तपासणी पुन्हा करा. प्लग कोमटच लागला पाहिजे. आठवड्याने परत एकदा बघा. पुढे दर वर्षी थंडी सुरू व्हायच्या आधी, दिवाळीच्या साफसफाईतच, घरातल्या सगळ्या १६ अ‍ॅम्पिअरच्या सॉकेटांवरून एकदा हात फिरवा.